इंचॉनचा रविवार

११ ऑक्टोबर २०१५. दक्षिण कोरियातल्या इंचॉनजवळ, समुद्रात भराव घालून वसवलेल्या सोंगदोमध्ये जॅक निकलॉस यांच्या नावाचं गोल्फ मैदान आहे. तिथे त्या दिवशी प्रेसिडेंट्स चषकाचा निकाल लागायचा होता. एका बाजूला अमेरिका, दुसऱ्या बाजूला युरोप सोडून उरलेलं सगळं जग. दुपार सरता सरता दोन्ही संघांचे गुण इतके जवळ आले होते, की शेवटच्या काही लढतींतला अर्धा गुणही मोलाचा झाला होता.

त्यातल्याच एका लढतीत अमेरिकेचा ख्रिस कर्क आणि भारताचा अनिर्बाण लाहिरी बरोबरीत अठराव्या होलवर आले. लाहिरीने चेंडू होलपासून तीन-चार फुटांवर आणून ठेवला होता. कर्कचा चेंडू सुमारे पंधरा फुटांवर होता. लांबचा आधी खेळतो, हा नियम. कर्कने पटरने चेंडू ढकलला आणि पंधरा फूट घरंगळत तो होलमध्ये पडला. अमेरिकी गोटात जल्लोष झाला. आता लाहिरीला तो छोटा फटका घालून बरोबरी साधायची होती. चेंडू आत गेला नाही. कर्कला पूर्ण गुण मिळाला, लाहिरीची झोळी रिकामी राहिली.

त्यानंतर थोड्याच वेळात शेवटची लढत संपली आणि अमेरिकेने चषक साडेपंधरा विरुद्ध साडेचौदा असा जिंकला. लाहिरीने अर्धा गुण वाचवला असता आणि बाकी सारं तसंच घडलं असतं, तर पंधरा-पंधरा अशी बरोबरी झाली असती. प्रेसिडेंट्स चषकात खेळणारा तो पहिला भारतीय. पहिल्याच खेपेला साऱ्या जगाच्या संघाचं ओझं त्याच्या वाट्याला आलं आणि चार फुटांवर हात आखडला, असा निष्कर्ष काढायला किती सोपा! मोठ्या स्पर्धांत भले भले गोल्फपटू कोसळतात, हे तर क्रीडारसिकांचं आवडतं मत. पण लाहिरीची पुढची-मागची दहा वर्षं नीट मांडून पाहिली, की त्या मताचं काय होतं ते बघण्यासारखं आहे.

छावणीतला खेळ

अनिर्बाण लाहिरीचा जन्म पुण्याचा, २९ जून १९८७चा. घराणं बंगाली, वडील लष्करात डॉक्टर. बदल्यांमुळे पुणं लवकर सुटलं आणि पुढे त्याने बेंगळुरूला बस्तान बसवलं, त्यामुळे 'आपला पुणेकर' म्हणून त्याच्यावर हक्क सांगणं जरा जास्तच होईल. तरी त्याच्या खेळाची मुळं पुण्यासारख्याच छावणीच्या गावांत आहेत.

सामान्य पुणेकराला गोल्फ भेटतं ते येरवड्याच्या गोल्फ क्लब चौकात, सिग्नल सुटायची वाट बघताना. कुंपणापलीकडे काय चाललंय याची चौकशी तो सहसा करत नाही. इंग्रजांच्या छावणीतून गावात आलेल्या खेळांचं नशीब वेगवेगळं निघालं. बॅडमिंटनला तर एकेकाळी 'पूना' याच नावाने ओळखत. जाळी आणि एक हॉल एवढ्यावर भागत असल्याने तो खेळ जिमखान्यांतून सदाशिव-नारायण पेठेतल्या घराघरांत पोचला. गोल्फच्या अठरा होलना शंभर-दीडशे एकर जमीन लागते, शिवाय पाणी, गवत राखणारी माणसं आणि महागडं साहित्य. म्हणून ते येरवड्याला क्लबाच्या कुंपणाआड आणि खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या आवारात राहिलं.

भारतात या कुंपणाच्या आत शिरण्याचे दोन रस्ते होते. एक अधिकाऱ्याच्या मुलाचा: छावणीचं मैदान हाताशी, संध्याकाळी वडिलांबरोबर चार होल खेळायचे. लाहिरी या रस्त्याने आला. लहानपणी वडिलांकडूनच त्याने हा खेळ उचलला. दुसरा रस्ता मैदानावर राबणाऱ्यांच्या पोरांचा. शिवशंकर प्रसाद चौरासिया हा त्याचं उत्तम उदाहरण. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब १८२९ सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. तिथे गवत राखणाऱ्या माणसाचा हा मुलगा बघून बघून खेळायला शिकला. २०१५च्या फेब्रुवारीत हे दोन रस्ते दिल्लीत एकमेकांना भिडले, आणि आपल्या प्रश्नाचा पहिला पुरावा तिथेच सापडतो.

दिल्लीचा उलटा निकाल

दिल्ली गोल्फ क्लबवर इंडियन ओपनचा शेवटचा दिवस सुरू झाला तेव्हा चौरासिया आघाडीवर होता आणि लाहिरी त्याच्या तब्बल सात फटके मागे. गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो, आणि अठरा होलमध्ये सात फटक्यांची दरी बुजवणं हे जवळपास अशक्य काम. संध्याकाळपर्यंत ती बुजली. दोघे बरोबरीत आले, जादा होल खेळवावं लागलं आणि पहिल्याच जादा होलवर लाहिरीने बाजी मारली. काही दिवसांपूर्वीच त्याने मलेशियन ओपनही एका फटक्याने जिंकली होती. म्हणजे त्या फेब्रुवारीत कुणी विचारलं असतं, तर दडपणाखाली निभावणारा तो लाहिरी आणि ढासळणारा तो चौरासिया, असंच उत्तर आलं असतं. आपल्या देशाची ही स्पर्धा चौरासियाच्या हातून याआधीही निसटली होती, त्यामुळे शिक्का मारायला जागा आयतीच होती.

पुढच्याच वर्षी, २०१६ला, त्याच दिल्ली क्लबवर चौरासियाने इंडियन ओपन दोन फटक्यांनी जिंकली. संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर जे राहिले त्यांत लाहिरी होता. २०१७ला स्पर्धा गुरुग्रामला गेली. तिथल्या नव्या मैदानावर भल्याभल्यांचा घाम निघाला, आणि चौरासिया जिंकला तो सात फटक्यांनी. २०१५ला जेवढी आघाडी त्याने गमावली होती, बरोबर तेवढ्याच फरकाने. माणूस तोच आणि स्पर्धाही तीच असताना दोन वर्षांत त्याचा स्वभाव मुळापासून बदलला असं मानायचं, की मुळात स्वभावाबद्दलचा आपला अंदाजच चुकला होता?

पाचवा क्रमांक

२०१५च्या ऑगस्टमध्ये लाहिरी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये, व्हिसलिंग स्ट्रेट्सवर पीजीए चॅम्पियनशिप खेळत होता. मास्टर्स, यूएस ओपन, द ओपन आणि ही पीजीए, या चार स्पर्धांना गोल्फमध्ये 'मेजर' म्हणतात, आणि गोल्फपटूचं मोठेपण शेवटी याच चौघींवर तोललं जातं. लाहिरीला मेजरची चव तीन वर्षांपूर्वीच कळली होती. २०१२च्या ओपनमध्ये रॉयल लिदमच्या नवव्या होलवर टीवरून मारलेला त्याचा फटका थेट होलमध्ये गेला होता.

व्हिसलिंग स्ट्रेट्सवर तो चारही दिवस सावध आणि स्थिर खेळला. पारपेक्षा, म्हणजे मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा, तेरा फटके कमी आणि संयुक्त पाचवा क्रमांक. बरोबरीला होता ब्रुक्स केप्का, ज्याने पुढे पाच मेजर जिंकल्या. भारतीय पुरुषाची मेजरमधली आजवरची सर्वोत्तम कामगिरी तीच. त्याआधी २००८ला जीव मिल्खासिंग याच स्पर्धेत संयुक्त नववा आला होता, आणि नंतर २०२३ला शुभंकर शर्मा ओपनमध्ये संयुक्त आठव्या स्थानापर्यंत पोचला.

पण विजेत्या जेसन डेने त्या आठवड्यात पारपेक्षा वीस फटके कमी घेतले होते. तेव्हा तो मेजरमधला विक्रम होता. लाहिरी त्याच्या सात फटके मागे. म्हणजे शेवटच्या संध्याकाळी त्याच्यावर विजेतेपदाचं असं दडपण नव्हतंच. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

या उन्हाळ्याच्या बळावर त्याला प्रेसिडेंट्स चषकाच्या संघात जागा मिळाली.

चार दिवसांचा हिशेब

प्रेसिडेंट्स चषक १९९४ला सुरू झाला. इंचॉनपूर्वीच्या दहा चषकांपैकी आठ अमेरिकेने नेले होते. उरलेल्या जगाने एकदाच, १९९८ला मेलबर्नमध्ये बाजी मारली. २००३ला दक्षिण आफ्रिकेत बरोबरी झाली. एवढ्या एकतर्फी स्पर्धेत लोकांना रस राहणार कसा? म्हणून जागतिक संघाचा कर्णधार निक प्राइसने लढतींची संख्या कमी करण्याचा आग्रह धरला आणि एकूण गुण चौतीसवरून तीसवर आले. लढती कमी असल्या की अमेरिकेच्या भरगच्च फळीचा फायदा तेवढा कमी होतो. स्पर्धा आशियात प्रथमच होत होती.

गुरुवारी, पहिल्याच दिवशी, जागतिक संघ चार विरुद्ध एक असा मागे पडला. त्यात लाहिरी आणि थायलंडचा थोंगचाय जायदी या जोडीचाही मोठा पराभव होता. शुक्रवारी संघाने साडेतीन गुण मिळवून बरीचशी भरपाई केली. शनिवारी सकाळ-दुपार दोन्ही सत्रं बरोबरीत सुटली आणि रात्री फळ्यावर साडेनऊ विरुद्ध साडेआठ असे आकडे लागले. रविवारच्या बारा एकेरी लढतींतही गुण सहा-सहा असे वाटले गेले. चार दिवसांत अमेरिकेने खरा वरचष्मा मिळवला तो एकट्या गुरुवारी. अंतिम फरक एका गुणाचा, आणि गुरुवारची तूट तीन गुणांची. हिशेबनीसाच्या नजरेने पाहिलं तर चषक पहिल्याच दिवशी हातून गेला होता. पण गुरुवारच्या हरलेल्या लढतींचं चित्र कुणाच्या डोळ्यांसमोर उभं राहत नाही. रविवारचे ते चार फूट सगळ्यांना दिसतात.

रविवारची शेवटची लढतही पाहू. अमेरिकी कर्णधार जे हास याने आपला मुलगा बिल याला कर्णधाराच्या अधिकारात संघात घेतलं होतं आणि अगदी शेवटच्या लढतीत उतरवलं होतं. समोर बे सांगमून, यजमान देशाचा एकमेव खेळाडू. सक्तीच्या लष्करी सेवेसाठी त्याला लवकरच गोल्फ बाजूला ठेवावं लागणार होतं. अठराव्या होलवर बेला ते होल जिंकणं भागच होतं. त्याचा चेंडू ग्रीनच्या अलीकडे उतारावर थांबला. तिथून त्याने मारलेला हलका फटका चुकला, चेंडू चढावर थोडा गेला आणि घरंगळत परत त्याच्याच पायाशी आला. बेने डोक्याला हात लावून खाली बसकण मारली. मुलाच्या विजयाने वडिलांचा चषक पक्का झाला.

म्हणजे थोड्याच वेळात त्याच होलवर दोन आशियाई खेळाडू चुकले. दोघांबद्दल 'दडपणाखाली कोसळले' असं एका दमात म्हणता येतं. पण कर्कच्या पंधरा फुटांचं काय? कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी अमेरिकी टूरवरचे लाखो फटके तपासून काढलेली सरासरी अशी: तीन फुटांवरून व्यावसायिक खेळाडू शंभरात ९६ वेळा चेंडू घालतो, चार फुटांवरून ८८ वेळा, आठ फुटांवरून निम्म्या वेळा आणि पंधरा फुटांवरून जेमतेम २३ वेळा. होलचं तोंड १०८ मिलिमीटर, चेंडू ४३ मिलिमीटरच्या आत-बाहेर. तीन-चार फुटांवर ग्रीनचा किंचितसा उतार किंवा वेगातली थोडी गफलत शंभरातल्या त्या चार ते बारा चुकांना पुरते, मनावर कसलाही ताण नसतानासुद्धा. आता गुणाकार करा. कर्कचा लांबचा चेंडू जाणं आणि लाहिरीचा जवळचा न जाणं हे दोन्ही एकाच वेळी घडण्याचा संभव शंभरात एक ते तीन. इतकं दुर्मिळ दान त्या रविवारी पडलं. त्याला लाहिरीच्या छातीत किती दम आहे याची परीक्षा समजायचं का?

निकलॉस यांनी उचललेली खूण

ज्यांच्या नावाच्या मैदानावर हे घडलं, त्या निकलॉस यांना याच प्रसंगाचं दुसरं टोक चांगलं ठाऊक होतं. १९६९च्या अमेरिका-ब्रिटन रायडर चषकात, रॉयल बर्कडेलच्या अठराव्या होलवर, ते ब्रिटनच्या टोनी जॅकलिनविरुद्ध बरोबरीत होते आणि दोन्ही संघही बरोबरीत होते. निकलॉस यांचा फटका आत गेला. जॅकलिनचा चेंडू सुमारे दोन फुटांवर. तो चुकता तर चषकाची लढाई अमेरिकेने निखळ जिंकली असती. निकलॉस यांनी जॅकलिनला तो फटका खेळूच दिला नाही. पुढे होऊन त्याची खूण उचलली आणि फटका गेला असं मानलं. सामना सोळा-सोळा असा सुटला. अशी सूट देण्याची मुभा समोरासमोरच्या लढतीत नियमानेच असते.

ही दिलदारी अमेरिकेचा कर्णधार सॅम स्नीड यांना रुचली नाही. दोन-अडीच फूट म्हणजे काय चीज असते हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक असणार! १९४७च्या यूएस ओपनमध्ये ल्यू वर्शमविरुद्ध जादा फेरीच्या शेवटच्या होलवर दोघेही बरोबरीत होते. स्नीड फटका मारायला उभे राहिले तोच वर्शमने हटकलं: लांब कोण आहे, मोजा. टेप आली. स्नीड एका इंचाने लांब निघाले, तीस इंच आणि थोडं वर. पुन्हा उभं राहून मारलेला फटका चुकला, वर्शमचा गेला. सात मेजर जिंकलेल्या स्नीडना यूएस ओपन आयुष्यभर मिळाली नाही. तीस इंच लाहिरीच्या अंतरापेक्षाही कमीच. आणि निकलॉस? अठरा मेजर जिंकणाऱ्या या गृहस्थांच्या नावावर एकोणीस उपविजेतेपदंही आहेत. जिंकल्यापेक्षा एकदा अधिकच ते शेवटच्या पायरीवर राहिले.

लाहिरीच्या सर्वांत जवळचं उदाहरण मात्र जर्मनीच्या बर्नहार्ड लांगरचं. १९९१चा रायडर चषक अमेरिकेतल्या किआवा बेटावर झाला. शेवटच्या लढतीच्या शेवटच्या होलवर लांगरला सहा फुटांचा फटका घालायचा होता. तो चुकला आणि युरोपने चषक साडेचौदा विरुद्ध साडेतेरा असा घालवला. ऐन फटक्याला हात थरथरण्याच्या 'यिप्स' या व्याधीने त्याला आधीही छळलं होतं. अशा माणसाचं पुढे काय होणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. पुढच्याच आठवड्यात त्याने जर्मन मास्टर्स जिंकली, तीही शेवटच्या होलवर लांबचा फटका घालून जादा होलपर्यंत पोचून. दीड वर्षाने, १९९३ला, त्याने ऑगस्टाची मास्टर्स दुसऱ्यांदा जिंकली.

खरं दडपण

याचा अर्थ दडपण ही नुसती कविकल्पना असा नाही. १९९६च्या मास्टर्समध्ये ग्रेग नॉर्मन शेवटच्या दिवशी सहा फटक्यांच्या आघाडीने उतरला, ७८ फटके घेतले आणि ६७ फटके घेणाऱ्या निक फाल्डोकडून पाच फटक्यांनी हरला. १९९९च्या ओपनमध्ये कारनुस्टीच्या शेवटच्या होलवर जाँ व्हान द व्हेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी होती. चार फटक्यांच्या त्या होलला त्याने सात घेतले आणि जादा होलमध्ये स्पर्धा गमावली. नॉर्मनसारखा अकरा फटक्यांचा पालट एका दिवसात केवळ दैवाने होत नाही.

मानसशास्त्रज्ञांनी याचा माग काढला आहे. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ला या प्रकाराची पद्धतशीर मांडणी केली. पुढे सायन बायलॉक यांनी गोल्फपटूंनाच प्रयोगात उभं केलं. निष्णात खेळाडूला स्वतःच्या हाताच्या हालचालीकडे लक्ष द्यायला सांगितलं, की त्याचा फटका बिघडतो. नवशिक्याला उलट त्याची मदतच होते. वर्षानुवर्षांच्या सरावाने जे काम आपसूक होतं, त्यात ऐन वेळी डोकं घातलं की तेच अडखळतं. जिन्यावरून भराभर उतरताना कुठला पाय कुठे पडतोय याचा विचार करू लागलं की ठेचकाळायला होतं, तसंच.

आणखी एक पाहणी २०११ची, डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांची. पंचवीस लाखांहून अधिक फटके तपासून त्यांना दिसलं, की त्याच अंतराचा फटका 'पार' वाचवण्यासाठी असेल तर खेळाडू तो जास्त वेळा घालतात. 'बर्डी', म्हणजे पारपेक्षा एक फटका कमी, मिळवण्यासाठी असेल तर सुमारे दोन टक्क्यांनी कमी. गमावण्याची भीती माणसाला अधिक एकाग्र करते, आणि टायगर वुड्सही याला अपवाद नव्हता. फरक दोन टक्क्यांचा! शिखरावरच्या खेळाडूंवर मनाचा परिणाम होतो, पण इतका बारीक, की एकेका फटक्यात तो ओळखू येत नाही. लाखोंच्या राशीतच दिसतो. इंचॉनचा एक फटका बघून कुणाच्याही स्वभावाचं निदान करणं, शास्त्राच्या हिशेबानेही, धाडसाचंच.

दहा वर्षांचा ताळेबंद

इंचॉननंतर दोन वर्षांनी, २०१७च्या सप्टेंबरअखेर, न्यूयॉर्कसमोरच्या लिबर्टी नॅशनल मैदानावर पुन्हा प्रेसिडेंट्स चषक होता. या वेळी जागतिक संघाचा पार धुव्वा उडत होता. शनिवारी दुपारची एक लढत अमेरिकेने जिंकली असती, तर रविवारच्या एकेरी लढती सुरू होण्याआधीच चषक खिशात गेला असता. असं याआधी कधी झालं नव्हतं. त्या लढतीत चार्ली हॉफमन आणि केव्हिन चॅपेल यांच्यासमोर होते कोरियाचा सि-वू किम आणि लाहिरी. अठराव्या होलपर्यंत गेलेली ती लढत किम-लाहिरीने एका होलने जिंकली. फळ्यावर साडेचौदा विरुद्ध साडेतीन असे आकडे राहिले, अमेरिकेला एक गुण कमी पडला आणि रविवार निदान खेळला गेला. अखेरीस अमेरिका एकोणीस-अकरा अशी जिंकली. हरलेल्या संघाच्या इतिहासात अशा लढतीला दोन ओळीही मिळत नाहीत. पण दडपण हेच माप असेल, तर ही नोंद त्यात धरावीच लागेल.

मग मार्च २०२२. फ्लोरिडातली प्लेयर्स चॅम्पियनशिप अधिकृत मेजर नाही, पण मानात मेजरच्या खालोखाल, आणि पैशात तर तेव्हा मेजरहूनही वरचढ. पाऊस-वाऱ्यामुळे स्पर्धा सोमवारपर्यंत लांबली. जागतिक क्रमवारीत तीनशेच्याही खाली घसरलेला लाहिरी अंतिम फेरीत एका फटक्याच्या आघाडीने उतरला. आठव्या होलवर दोन फटके जादा गेले. कोसळणाऱ्या माणसाची कहाणी इथेच संपायची. लाहिरीने अकराव्या होलवर दोन फटके वाचवून भरपाई केली. सतराव्या होलला, चहूबाजूंनी पाणी असलेल्या त्या प्रसिद्ध बेटावर, एक आणखी वाचवला. शेवटच्या होलवर आणखी एकाची गरज होती. तेवढा मात्र आला नाही. त्याचे फटके ६९. ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने ६६ मारले, त्यांत दहा बर्डी, आणि एका फटक्याने बाजी मारली. गंमत अशी, की अठराव्या होलवर पाण्यात चेंडू घातला तो स्मिथने. दहा बर्डींच्या पुण्याईवर ते खपून गेलं.

जुलै २०२४ला स्पेनमधल्या व्हाल्डेरामावर, लिव्ह मालिकेच्या स्पर्धेत, शेवटच्या होलवर पार वाचवणारा छोटा फटका लाहिरीचा चुकला आणि जादा होलमध्ये सर्हिओ गार्सियाने स्पर्धा जिंकली. इंचॉनची आठवण काढणाऱ्यांना हा आयता पुरावा. पण २०१५ची दिल्ली, २०१७चं लिबर्टी नॅशनल आणि २०२२चं फ्लोरिडा वगळून फक्त इंचॉन आणि व्हाल्डेरामा जोडायचे, तरच तो पुरावा ठरतो.

आणि कर्क? पंधरा फुटांवरून संघाला तारणाऱ्या या माणसाने मे २०१९मध्ये मद्यपान आणि नैराश्याशी झगडत असल्याचं स्वतः जाहीर करून खेळातून रजा घेतली. काही काळाने तो परतला, २०२३ आणि २०२४ला पुन्हा स्पर्धा जिंकल्या. इंचॉनच्या त्या ग्रीनवर दोघांपैकी मनाने भक्कम कोण आणि कच्चा कोण, हे बाहेरून बघणाऱ्याला सांगता आलं असतं का?

टोकियो आणि पुढे

लाहिरीचं जन्मगाव या कहाणीत पुन्हा येतं ते २०२१च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये. पुण्याचा उदयन माने देशांतर्गत व्यावसायिक सर्किटवर एकामागून एक स्पर्धा जिंकत होता, पण ऑलिंपिकची जागा थोडक्यात हुकली होती. ऐन वेळी अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिजोने माघार घेतली आणि यादीत पुढचं नाव मानेचं निघालं. कासुमिगासेकी मैदानावर पहिल्या दिवशी त्याने ७६ फटके घेतले, लाहिरीने ६७. पदकाच्या जवळपास दोघांपैकी कुणीही पोचलं नाही. त्याच मैदानावर ७ ऑगस्टला, नीरज चोप्राने भाला फेकला त्याच दिवशी सकाळी, महिलांच्या स्पर्धेत भारताची अदिती अशोक एका फटक्याने पदकाला मुकली आणि चौथी आली. गोल्फचे नियम पुरते ठाऊक नसलेली कित्येक घरं त्या पहाटे टीव्हीसमोर बसली होती. जागतिक क्रमवारीत दोनशेच्या आसपास असलेली खेळाडू चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली, हे सांगायला कुणी विसरलं नाही. कोसळल्याचा ठपका तिच्यावर कुणी ठेवला नाही, आणि ते योग्यच होतं.

मोठ्या स्पर्धांत अव्वल गोल्फपटू कोसळतात का? कधी कधी नक्की कोसळतात. पण कोसळण्याची संधी मिळण्यासाठी आधी शेवटच्या दिवशी शेवटच्या होलवर, जिंकण्याइतक्या अंतरावर पोचावं लागतं. स्नीड, निकलॉस, नॉर्मन आणि लांगर यांचे चुकलेले फटके लक्षात राहिले, कारण ते तिथे पुन्हा पुन्हा पोचले. रोरी मॅकिलरॉयने २०११ची मास्टर्स चार फटक्यांच्या आघाडीवरून घालवली, २०२४ची यूएस ओपन छोटे फटके चुकवून घालवली, आणि २०२५च्या मास्टर्समध्ये शेवटच्या होलवर पुन्हा छोटा फटका चुकवून, जादा होलवर ती जिंकली.

भारतीय पुरुष गोल्फपटूच्या बाबतीत हा प्रश्न अजून विचारताच येत नाही. आपली मेजरमधली सर्वोत्तम कामगिरी पाचव्या क्रमांकाची आहे, आणि त्या दिवशी विजेता सात फटके पुढे होता. मेजरच्या शेवटच्या होलवर जिंकायला चार फुटांचा फटका उरलाय आणि तो मारायला एक भारतीय उभा आहे, असा प्रसंग आजवर आलेलाच नाही. तो दर चार-पाच वर्षांनी येऊ लागला, तर त्यातले काही फटके चुकतीलच, आणि एखादा जाईलही. त्यासाठी आणखी शंभर मुलं कुंपणाच्या आत शिरायला हवीत, मग ती अधिकाऱ्यांच्या बंगल्यातून येवोत, नाही तर गवत राखणाऱ्यांच्या चाळीतून.